बाईंनी तयार केलेला बाबा

“पोरगी बोलत न्हाई, पण चेहरा बघा हिचा. आधीच फसवल्यासारखा हाय.”

मी नांदेडला भाड्याची खोली बघायला आले होते. पुढच्या खोलीत सोफ्याच्या कडेवर टेकून पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तेव्हा हे वाक्य स्वयंपाकघरातून आलं. बोलणारीने आवाज खाली आणला होता. पण जिने सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली, तिचा खालचा आवाजसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जातो.

“बाई, ऐकू जाईल तिला,” एक पुरुषी आवाज म्हणाला.

“जाऊ द्या की. खोटं थोडंच हाय?”

मग बाई बाहेर आल्या. मला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हनुवटीला बोट लावून तोंड जरा उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, “खोली तुझी. रडता येतं का?”

मी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते माझं मलाही कळलं नाही. बाईंनी तो होकार धरला.

मी लातूरची. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि इंग्रजी बोलायची मला भीती वाटायची, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. नोकरीही तशीच मिळाली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. काचेखालचे जीव कधी ‘तुमचं आडनाव काय, गाव कुठलं’ विचारत नाहीत. बाईंनी मात्र पहिल्याच चहाला दोन्ही विचारलं आणि उत्तर मिळायच्या आत स्वतःच अंदाज सांगून टाकला. दोन्ही चुकले. मी दुरुस्त केले नाहीत. पुढे कितीतरी महिने मी त्या घरात औशाची देशपांडे होते.

बाईंच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी मिक्सर होता. देवासारखा घरात घुमायचा एकच मंत्र: “पुरावा काय?” भाजीवाला म्हणायचा, मेथी सकाळचीच हाय. पुरावा काय? शेवटी तो बिचारा मुळाला चिकटलेल्या ओल्या मातीसकट जुडी आणून त्यांच्या नाकासमोर धरायला लागला. बाईंचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, कधीतरी म्हणायचे, “बाई, डोकं दुखून राहिलंय.” पुरावा काय? काका थोडा वेळ विचार करायचे आणि म्हणायचे, “मग दुखत नसंल.” सगळी शाळा बाईंना बाई म्हणायची म्हणून काकाही बाईच म्हणायचे. त्यांनी लग्नानंतर दुसरं काही म्हणून बघितलं होतं का, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं.

मांजर आडवी गेली की बाई थांबायच्या. अपशकुन म्हणून नव्हे. त्या मांजरीला हुसकावून पुन्हा आडवी जायला लावायच्या. “एकदा करून प्रयोग सिद्ध होत नसतो,” म्हणायच्या. कॉलनीतल्या मांजरी बाईंना लांबून पाहून रस्ता बदलायच्या. ग्रहण लागलं की बाई गच्चीवर शेगडी मांडून भजी तळायच्या आणि शेजारणींना नावानिशी हाका मारायच्या: “या गं, गरम हायत! काही होत न्हाई, मी चार खाल्ली!” शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या. मग ती भजी मी आणि काका खायचो, आणि बाई आमच्याकडे एखाद्या प्रयोगातल्या उंदरांकडे बघावं तशा बघायच्या.

संध्याकाळी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका. प्रेत सापडायच्या आत बाईंनी खुनी शोधलेला असायचा. तो बहुतेक वेळा नवरा असायचा. “बघा, नवराच हाय,” असं म्हणून त्या काकांकडे वळायच्या आणि काका पाय आखडून घ्यायचे.

या सगळ्यातून पिक्चर निघाला, त्यात नवल काही नाही. बाईंनी तो स्वतः लिहिला होता. नाव: ‘सावध हो, सुमन!’ सुमन नावाची एक शिकलेली, गरीब गाईसारखी बाई वाफानंद महाराज नावाच्या भोंदूच्या पंथात ओढली जाते. हळूहळू तिचं घर सुटतं, नोकरी सुटते, अक्कल सुटते. त्या पंथात जो कुणी प्रश्न विचारतो त्याला ‘महावाफ’ देऊन कोंडून मारतात. शेवटी एक महिला इन्स्पेक्टर येते आणि सगळ्या चमत्कारांची वैज्ञानिक कारणं सांगून महाराजांना बेड्या घालते. कारणं सांगण्याचा प्रसंग लिखाणात सगळ्यात मोठा होता.

सुमन मी. वाफानंद काका, कारण ते रिकामे होते. इन्स्पेक्टर बाई स्वतः, कारण बाकी कुणाला रागावता येत नाही. वर्दीसाठी त्यांचा स्काउट-गाईडचा जुना पोशाख होता. कॅमेरा म्हणजे स्टँडवरचा मोबाइल, तोही बाईच चालवायच्या. त्यामुळे आमच्या पिक्चरमध्ये इन्स्पेक्टर नेहमी कॅमेऱ्याच्या बाजूने, धापा टाकत येते. बटण दाबून पळत यावं लागायचं.

सुमन पंथात कशी ओढली जाते हे बाईंनी फार बारकाईने लिहिलं होतं. आधी चहा. मग आग्रहाचे पोहे. मग ‘तू आमचीच’ असं म्हणणं. मग एक पांढरी साडी. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की चहा-पोहे माझे खाऊन झालेत आणि पांढरी साडी बाईंनी इस्त्री करून माझ्या पलंगावर ठेवलीय. नको म्हणायला मी खाली गेले. बाई म्हणाल्या, “आली का? ये, तू आमचीच.” मी साडीच्या निऱ्या किती घ्यायच्या एवढंच विचारून परत आले.

हे सगळं बाई का करत होत्या, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. “माझी अक्का होती,” त्या म्हणाल्या. “माझ्यापेक्षा हुशार. शुगर होती तिला. बाबा म्हणला, इंजेक्शन सोड, अंगारा खा. तिनं सोडलं.” त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग एकदम म्हणाल्या, “रडायच्या सीनला असा चेहरा ठेव. आत्ता हाय तसा.”

शूटिंग उमरीजवळच्या एका गावात, बाईंच्या भावाच्या शेतातल्या आखाड्यावर ठरलं. आमच्याकडे शेतातल्या कोठ्याला, गुरं बांधायच्या आणि राखणीच्या जागेला आखाडा म्हणतात. तिथे मांडव घातला, काकांना चादर टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मागे पडद्याआड गॅसवर कुकर ठेवला. शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली होती. नळीचं दुसरं तोंड काकांच्या डोक्यामागे. महाराजांच्या मस्तकातून वाफ निघते, हा तो चमत्कार. आता रिकाम्या कुकरची वाफ वाया कशाला घालवायची, म्हणून बाईंनी त्यात पंगतीसाठी तुरीची डाळ लावली.

आणि इथेच बाई चुकल्या. अशी चूक फक्त विज्ञानाची शिक्षिकाच करू शकते. पंथ दाखवायचा तर गर्दी हवी. पण लोकांना शूटिंग आहे सांगितलं की ते लग्नातल्या व्हिडिओसारखे कॅमेऱ्याकडे बघून केस नीट करतात. बाईंना ‘नैसर्गिक प्रतिक्रिया’ हवी होती. म्हणून त्यांनी मोबाइल कडब्याच्या गंजीत लपवला आणि मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून स्वतःच्या आवाजात पुकारा केला: “वाफानंद महाराजांचं आगमन झालेलं आहे. दर्शनाचा आणि महाप्रसादाचा लाभ घ्यावा.”

प्रतिक्रिया फारच नैसर्गिक आली. अख्खं गाव आलं. नारळ घेऊन आलं. काकांच्या डोक्यामागून वाफ निघाली, मानेला चटका बसला, आणि काकांनी डोळे पांढरे करून ‘आ’ केला. मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “अग्गं माय! महाराजांच्या अंगाला वरणाचा वास येऊन राहिला!”

“अन्नपूर्णा परसन्न हाय,” कुणीतरी खुलासा केला. सगळ्यांनी हात जोडले. संवादाप्रमाणे मीही जोडले.

काकांचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. महाराजांना लिहून दिलेली वाक्यं साधी होती: ‘थांब.’ ‘सगळं उतरेल.’ ‘हा देह औषध मागत नाही.’ काका ‘थांब’ म्हणाले आणि शंभरेक माणसं खरंच थांबली. त्यांनी हळूच बाईंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी पुरावा मागितला नव्हता. परतीच्या जीपमध्ये ते खिडकीला टेकून गुणगुणत होते.

पुढच्या रविवारी आम्ही उरलेले प्रसंग घ्यायला गेलो तर आमच्या आधी गर्दी येऊन बसलेली. मांडवाला झेंडूच्या माळा. खुर्चीवर आमच्या चादरीऐवजी मखमल. बाईंनी ताबडतोब मोबाइल उंच धरून सांगितलं, “लोकहो, हे शूटिंग हाय! पिक्चर हाय!”

लोकांत आनंदाची लाट उसळली.

“बघा, मी म्हणलं नव्हतं? महाराजांवर पिक्चर निघायला लागला!”

बाई खुलासा करत गेल्या आणि महाराज मोठे होत गेले. त्यांनी पडदा बाजूला करून कुकर दाखवला. लोकांनी कुकरला हळद-कुंकू लावलं. त्यांनी इन्स्पेक्टरच्या वेषात खुर्चीसमोर उभं राहून ‘हा भोंदू आहे!’ हा संवाद म्हटला, तेव्हा पहिल्या रांगेतली म्हातारी शेजारणीला समजावून सांगू लागली, “हे असंच ऱ्हातंय. संताच्या पिक्चरमधी आधी एक दुष्ट लागतोच. त्याबिगर संताचं मोठेपण कसं दिसंल?” आणि मग बाईंना, अगदी आपुलकीने, “लई चांगलं काम करून राहिल्या तुमी. लई राग येतो बघा तुमचा.”

त्या म्हातारीचं नाव कौसाबाई. तिची देवणी जातीची एक गाय होती, काळे-पांढरे ठिपके, लांब कान, तोंडावर अगदी शहाणा भाव. त्या दिवशी दुपारी कौसाबाई ती गाय ओढत मांडवात घेऊन आली. गाईने कोवळा हिरवा चारा भरमसाट खाल्ला होता. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. ती मांडवाच्या कडेला आली, दोनदा पाय झाडले आणि बसली. बसली ती मान लांब करून, तोंड उघडं टाकून. मला गुरांतलं काही कळत नाही, पण श्वास कमी पडणारा जीव कसा दिसतो ते कळतं.

“महाराज, काय करू?” कौसाबाईने विचारलं.

काका भूमिकेत होते. मोबाइल चालू होता. तोंडात वाक्य तयार होतं. “थांब. सगळं उतरेल.”

कौसाबाई थांबली. तिने चुलीतली राख गाईच्या कपाळाला लावली आणि शेजारी मांडी घालून बसली. गुरांचा डॉक्टर पलीकडच्या वस्तीवर आलेला होता. कुणीतरी म्हणालंही, बोलवू का. “महाराज थांब म्हणले ना? मग का घाई करून राहिले?” कौसाबाईने त्याला गप्प केलं.

काकांचा चेहरा आता वाफेशिवायच घामेजला होता. ते खुर्चीवरून अर्धे उठले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मावशी, डॉक्टरला बोलवा. मी काही... मी पाटबंधारे खात्यात होतो.”

कौसाबाईने डोळे पुसले. “परीक्षा पाहून राहिले महाराज. मी डगमगायची न्हाई.”

तेव्हा बाई धावत आल्या. या वेळी चालू मोबाइल त्यांनी तसाच सोडून दिला होता, स्टँड वाटेतच आडवा झाला. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता, आणि इतका फाटलेलाही. “अगं, बाबा न्हाई हा! माझा नवरा हाय हा! नवरा! डॉक्टर बोलव, मरंल ती! माझी अक्का अशीच...”

मांडवातून टाळ्या पडल्या.

“असंल की नवरा,” कौसाबाई समजुतीने म्हणाली. “बाबाला बायको असतीच. आन् ती कधी मानत न्हाई. घरचीला कुठं कळतंय?”

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. स्काउटची टोपी हातात. जे जे खरं होतं ते सगळं त्यांनी आधीच संवादांत लिहून टाकलं होतं, आणि लोकांच्या त्यावर टाळ्याही वाजवून झाल्या होत्या. आता खरं बोलायला त्यांच्याकडे काही शिल्लकच नव्हतं. गाईचा एक कान थरथरत होता. बाई त्या कानाकडे बघत होत्या.

“माझ्या एका बोलण्याचं उत्तर द्या,” कौसाबाई आता सगळ्या मांडवाला म्हणाली. “महाराजांनी कधी दवाखान्याची पायरी चढली का? महाराज सोता सांगतात, हा देह औषध मागत न्हाई. मग माझ्या गाईलाच डॉक्टर काहून पायजे?”

आणि तिथे मी बोलले.

त्यानंतरचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. काकांनी मान खाली घातली आणि उजवा हात पुढे केला. कौसाबाई त्या हाताकडे, मग माझ्याकडे, मग काका ज्या मखमलीवर जरा तिरके टेकून बसले होते त्या मखमलीकडे बघत राहिली. पहिल्यांदा मागे बसलेल्या बायका हसल्या. मग कुणीतरी मोटारसायकलला किक मारली. डॉक्टर आला, त्याने गाईच्या डाव्या कुशीत जाड सुई घातली आणि हवा अशी काही सुटली की मांडवातले लोक झेंडूच्या माळा नाकाला लावून पळाले. बाई तेवढ्या हलल्या नाहीत. त्या गाईच्या तोंडाशी बसून तिला शाळेतल्या पोरीला म्हणावं तसं “शाब्बास, शाब्बास” म्हणत होत्या, आणि रडत होत्या. गाय उठली. कौसाबाईने मखमल काढून घेतली, घडी केली आणि काकांना म्हणाली, “बसायला मऊ उशी घेत जावा दादा, माझ्या भावालाबी हाय.”

पिक्चर पूर्ण झाला नाही. शेवटचा प्रसंग पुन्हा घ्यायला गाव तयार होतं, पण महाराज म्हणून आता काकांना कुणी मानेना, सगळे घरगुती इलाज सांगायचे. बाई अजून सुमनचं पुढे काय झालं ते लिहीत असतात. मी लातूरला बदलून आले तरी फोन येतो: “सुमन इन्स्पेक्टर झाली तर चालंल का?” मी म्हणते, चालेल. त्या म्हणतात, “जरा मोठ्यानं बोल की. त्या दिवशी कशी बोललीस!”

त्या दिवशी मी कशी बोलले, ते मलाही नीट सांगता येत नाही. सुमनच्या पूजेच्या झोळीत, फुलांच्या खाली, बाईंनी सकाळी निघताना कोंबलेली गोळ्यांची पट्टी माझ्या हाताला लागली. ती मी वर काढली. इंग्रजी शब्द म्हटला असता तर कौसाबाईला कळला नसता. मराठी शब्द मी शाळेत कधी शिकले नव्हते, पण नांदेड ते उमरी रस्त्याला जवळजवळ प्रत्येक भिंतीवर तो ठळक अक्षरांत रंगवलेला असतो, त्यामुळे येत होता. मी चार पावलं पुढे गेले, पट्टी उंच धरली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“काका, ही तुमची मूळव्याधीची गोळी. डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायला सांगितलीय, आणि सकाळचीपण राहिलीय.”